मधली घडी

मुकादमबाईंनी चादरीची दोन टोकं स्वतः उचलली आणि दोन ठेंगूपुढे केली.

"धर. आज तुझ्या जोडीला मी."

ठेंगूनं टोकं धरली. शेजारी धुऊन वाळलेल्या चादरींचा ढीग होता, अजून कोमट, तिच्या खांद्याइतका उंच. सत्तर तरी असतील. इस्पितळाच्या लाँड्रीत रोज एवढा ढीग घडीला यायचा, आणि रोज तिच्यासमोर लंबू उभी असायची. लंबूच्या नातवाला कालपासून ताप. एका दिवसाची रजा. एका दिवसात काय होतंय, असं लंबूच काल म्हणाली होती.

काम सोपं होतं. चादर ताणायची, झटकायची, उभी दुमडायची. मग दोघींनी एकमेकींकडे चालत यायचं. एकीनं आपली टोकं दुसरीच्या हाती सोपवायची आणि वाकून, खाली लोंबणारी मधली घडी उचलायची. घडी जमिनीला टेकली की चादर परत धुवायला.

गेले अकरा महिने ठेंगूनं ती मधली घडी उचलली नव्हती. साबणाच्या पाण्यावरून ती ओल्या बोचक्यासकट घसरली होती आणि बसली ती थेट माकडहाडावर. महिन्याभरानं डॉक्टरांच्या मागे लागून 'कामास योग्य' असा कागद आणला आणि पुन्हा उभी राहिली. कागदानं कंबर थोडीच बरी होते. कपड्यांच्या आत पट्टा आवळलेला, आणि पट्ट्याच्या आत ते दुखणं, हललीस की चावेन म्हणून टपून बसलेलं. लंबूनं एका शब्दानं काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी तीच वाकली, दुसऱ्या दिवशीही तीच. वर आपलं एक गाणं जुळवलं:

दोन टोकं तुझी बाई, दोन टोकं माझी
मधली घडी उचलते मी, तू राहा ताजी

उंच बाई वाकतेय आणि बुटकी ताठ उभी, म्हणून सगळी लाँड्री हसायची. हसू दे, ठेंगूला वाटायचं. हसणारं माणूस विचारत नाही. मागच्याच महिन्यात इस्त्रीवरच्या एकीचे गुडघे धरले. मुकादमबाईंनी वर कळवलं, आणि आठ दिवसांत भिंतीवरची तिच्या एप्रनची खुंटी रिकामी झाली. अजून रिकामीच होती. ठेंगूच्या खुंटीला लागून.

"वरची बाजू मी घेते," मुकादमबाई म्हणाल्या. "तू ठेंगणी. तुला जमीन जवळ."

बाई हसल्या नाहीत. ठेंगू हसली.

पहिल्या चादरीला ती गुडघ्यांत दुमडत, पाठ सरळ ठेवत खाली गेली. घडी हाती आली. उठताना कंबरेपासून टाचेपर्यंत कुणी तापलेली तार ओढली. तिनं श्वास नाकानं सोडला आणि चेहरा हसरा ठेवला. दुसरी. तिसरी. चौथीला डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं चादर झटकताना दंडाला पुसलं. पाचवीला चपलेतून पाय काढला आणि घडी अंगठ्यात चिमटून वर आणली.

"पायानं?"

"सकाळीच धुतलेत, बाई."

"सगळेच धुतात. आजारी माणसाच्या अंगाखाली जायची आहे ती."

चादर परत धुण्यात गेली. सहावीला ठेंगू खाली गेली ती वर येईना. तिनं उगाच चप्पल चाचपली, पट्टी ओढून पाहिली, पुन्हा सारखी केली. वर मुकादमबाई टोकं धरून उभ्या. घाई करत नव्हत्या. त्यांनी घाई केली असती तर बरं झालं असतं.

"झालं?"

"झालं, बाई." टेबलाचा कोपरा धरून ती उठली. नजर खुंट्यांकडे गेली. एक रिकामी, एक तिची.

मुकादमबाईंनी सातवी चादर ओढली.

"तुम्ही दोघी घडी घालताना काहीतरी म्हणता ना? माझ्या खोलीत ऐकू येतं. मधे नुसता पत्रा तर आहे."

"असंच काहीतरी. वेळ जायला."

"मग म्हण की. आज सगळं मुक्यानं चाललंय."

लपवायचं ते सगळं त्या गाण्यातच होतं. अकरा महिने, रोज, मोठ्या आवाजात.

चादर ताणली. झटकली. उभी दुमडली. दोघी चालत एकमेकींकडे आल्या.

"दोन टोकं तुझी बाई," ती म्हणाली. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. "दोन टोकं माझी..."

तिनं आपली टोकं बाईंच्या हाती दिली.

"पुढे?"

"पुढचं आठवत नाही, बाई."

मुकादमबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि त्या चवड्यांवर उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा चादरीआड गेला. चादर वर चढत गेली, आणि मधली घडी जमिनीजवळून उठून ठेंगूच्या खाली सोडलेल्या हातांपाशी येऊन थांबली.

"मला आठवतं," चादरीपलीकडून आवाज आला. "उचल. अजून साठ आहेत."