लॉर्ड किलवारांची पत्रं

सरोवराच्या मधोमध आल्यावर बार्ब्राने वल्ही उचलून नावेत ठेवली. चहूकडे दाट धुकं. काठ दिसत नव्हता, आभाळही नाही.

"का थांबलीस?" लॉर्ड किलवारांनी विचारलं. युद्ध संपल्यावर वर्षभर इस्पितळात काढून हे कर्नलसाहेब आज आयर्लंडला, आपल्या बेटावरच्या घरी परतत होते.

"माझा पोरगा, फेस्टी, तुमच्या पलटणीत होता. कसा गेला तो, सरकार?"

"पत्रात कळवलं होतं मी. गोळी लागली आणि क्षणात..."

"'क्षणात, वेदना न होता, ओठांवर हसू घेऊन.'" तिने वाक्य पुरं केलं. "गावातल्या अकरा घरांत आली तुमची पत्रं. आम्ही बायकांनी एकत्र बसून मास्तरांकडून वाचून घेतली. अकराही पोरं हसतच मेली म्हणायची! आमची पोरं एवढी हसरी नव्हती हो."

कर्नल पाण्याकडे बघत राहिले. नाव आपसूक हळूहळू फिरत होती.

"पोटात लागली होती," ते अखेर म्हणाले. "खड्ड्यात आम्ही दोघंच. माझा पाय निकामी झालेला. दुपारपर्यंत जिवंत होता तो. घोटभर पाणीही देता आलं नाही मला."

बार्ब्राने शाल घट्ट ओढून घेतली. "काही बोलला?"

"तुमच्या आयरिश भाषेतली कसलीशी प्रार्थना म्हणत होता. पुन्हापुन्हा. मला कुठे कळते ती भाषा? पण पाठ झालीय. झोपेतही ऐकू येते." डोळे मिटून ते अडखळत म्हणाले, "गो इ ले, अ व्राक... गो इ ले..."

ती बघतच राहिली. मग तोंडावर हात दाबून हसली की रडली, कळलं नाही.

"प्रार्थना कसली, सरकार! 'ये गं ठिपके, ये.' गाईला हाक मारत होता तो. घरी आणायला."

कर्नलांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"आणि अशी नाही मारत हाक," ती म्हणाली. "अशाने एक गाय यायची नाही. शेवटचा सूर लांबवायचा. म्हणा बघू."

किलवारांच्या इंग्रजी बोलणाऱ्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी ती भाषा तोंडात घेतली नव्हती. लॉर्ड किलवारा बसल्या जागी ताठ झाले. धुक्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. मग पुन्हा एकदा, लांबवून.

न दिसणाऱ्या काठावर गुरांच्या खुरांचा आवाज पाण्याकडे उतरू लागला.