चुकणारी मुलं

झांबियाच्या मुटिंटाबाई दोन वर्षांत चीनमधल्या हेंगयांगच्या आमच्या शाळेत रुळल्या होत्या. आम्हा चिनी शिक्षकांसारखंच गरम पाणी प्यायच्या, दुपारी टेबलावर डोकं टेकून झोपायच्या. बाहेरचे अधिकारी तास बघायला येणार म्हणून मुख्याध्यापकांनी बाईंच्या वर्गातल्या, अभ्यासात कच्च्या श्यूचिनला ग्रंथालयात बसवलं. बाईंनी तिला हाताला धरून वर्गात आणलं. “अहो, साहेबांसमोर आपली मुलं चुकत नसतात. शाळेची अब्रू जाईल,” मी काकुळतीनं म्हणाले. “मुलं चुकायचीच नसतील, तर मला कशाला ठेवलंत?” अधिकारी मागच्या बाकावर येऊन बसल्यावर बाईंनी पहिला प्रश्न श्यूचिनलाच विचारला. ती चुकली. “पुन्हा सांग.” पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा बरोबर आलं, तेव्हा मुलांनी बाकं बडवली. तास संपल्यावर दाराशी मुख्याध्यापक बाईंवर खेकसले, “पुढच्या वर्षी तुम्ही नकोत!” “नको तर नको. तोवर ही माझ्याच वर्गात बसेल.” साहेब बघणार होते तो पुढचा तास माझा होता. माझीही तीन मुलं ग्रंथालयात होती. मी त्यांना आणायला निघाले.