येतोबुवा

“येतो,” असं म्हणून तो निघाला आणि दाराशी पोचतोय तोवर मागे हशा पिकला.

“येतोस कुठे बाबा? चाललायस ना तू?” फोरमनने हातातली काच खाली ठेवत विचारलं.

चष्म्याच्या काचा घासायच्या त्या कारखान्यात तो त्याचा पहिलाच आठवडा होता. इथल्या भाषेत निघणारा माणूस सरळ ‘जातो’ म्हणतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने आपला घरचा शब्द उचलला आणि इथल्या भाषेत जसाच्या तसा बसवला. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं येतोबुवा. चार वर्षं झाली, पुसायचं नाव नाही.

मग तोही ‘जातो’ म्हणायला शिकला. दर वेळी घासात खडा आल्यासारखं व्हायचं. ‘जातो’ म्हणणाऱ्याला आईने उंबऱ्यावरून परत बोलावलं असतं आणि पुन्हा नीट निघायला लावलं असतं.

आता सगळं अडलं होतं ते तोंडी परीक्षेवर. परीक्षा पास झाली की कायमचे कागद, आणि कागद हातात आले की बायकोला आणता येणार. दोनदा नापास झाला होता. बायको फोनवर त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. “जेवलात का?” एवढंच विचारायची, आणि त्याला तेच जास्त लागायचं.

म्हणून त्याने स्वतःला नियम घातला. खोलीत घरची भाषा बंद. दूध उतू गेलं तरी शिवी इथल्याच भाषेत द्यायची. रोज संध्याकाळी पुस्तकातली वाक्यं तीन-तीनदा, अगदी खणखणीत. “माझी तब्येत उत्तम आहे. खिडकी उघडली तर चालेल का?” आता चालेल म्हणायला खोलीत होतं कोण? एक खुर्ची. सकाळी निघताना मात्र रिकाम्या खोलीला ‘जातो’ म्हणायला जीभ वळायची नाही. तिथे तो इथल्याच भाषेत, पण ‘येतो’ म्हणायचा; तेवढी सूट त्याने स्वतःला दिली होती.

शेजारच्या खोलीत कडक कॉलरवाला राहायचा. गेल्या वर्षी आलेला, एकटाच. काखेत पेपर, बूट असे की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. जिन्यात भेटला की जेमतेम मान हलवायचा आणि सटकायचा. इथली माणसं अशीच, येतोबुवा मनाशी म्हणायचा. दोन शब्द बोलले तर यांचं काय झिजतं कोण जाणे! रविवारी तर अख्खा दिवस जायचा आणि त्याच्या कानावर स्वतःच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज पडायचा नाही.

आणि एका सकाळी, चहात साखर ढवळत असताना, पातळ भिंतीपलीकडे दार करकरलं. पाठोपाठ इथल्या भाषेत, अगदी स्वच्छ, शब्द आला, “येतो.”

येतोबुवाचा चमचा थांबला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

म्हणजे इथलेही म्हणतात तर! त्याने विचार करकरून हिशेब लावला. बाहेर, परक्यांत ‘जातो’. घरात, आपल्या माणसांत ‘येतो’. फोरमन कशाला सांगेल? फोरमनच्या लेखी तो परकाच. येतोबुवाला एकदम भरून आलं. चार वर्षांत पहिल्यांदाच ही माणसं त्याला आपल्यासारखी वाटली.

“अगं, इथलेसुद्धा घरात ‘येतो’च म्हणतात,” त्याने बायकोला फोनवर सांगितलं.

“हो? मग निभेल माझं तिथे,” ती म्हणाली.

परीक्षेला या खेपेला एक वयस्कर बाई होत्या. खिडकीचं वाक्य त्याने असं टाकलं, की बाईंनी खरंच उठून खिडकी उघडली. बायकोचा विषय निघाला तेव्हा तो पाठ केलेलं सगळं विसरला आणि मनातलं बोलला. बाई पेन टेकवून ऐकत राहिल्या.

“छान बोलता की! आणा हो तिला लवकर,” त्या म्हणाल्या. “बरं, आता निरोप घ्या. त्याला दोन गुण आहेत.”

फोरमनला म्हणायचा तसं ‘जातो’ अगदी ओठांवर आलं होतं. पण बाई इतक्या आपुलकीने बघत होत्या. यांना परकं कसं म्हणायचं?

“येतो,” तो म्हणाला.

बाई गोंधळल्या. “कुठे येता?”

“म्हणजे, तुम्ही घरात म्हणता ना. आपल्या माणसांत.”

“आम्ही?” बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं. “नाही हो. इथे असं कुणीच म्हणत नाही.”

एका गुणाने गेलं. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

तो जिना चढला तो स्वतःच्या दाराकडे वळलाच नाही. त्याने शेजारचं दार धडधडा वाजवलं. कडक कॉलरवाल्याने दार उघडलं आणि समोर त्याला पाहून दोन पावलं मागे सरकला.

“रोज सकाळी ‘येतो’ म्हणता ना तुम्ही?” येतोबुवाचा आवाज चढला. “का म्हणता? अहो, इथलं कुणी म्हणत नाही तसं! माझी बायको राहिली तिकडे!”

कडक कॉलरवाल्याने घाबरून टेबलाकडे पाहिलं. तिथे एक वही उघडी पडली होती. तिच्यातली अक्षरं ना इथली होती, ना येतोबुवाच्या घरची. त्याने वही उचलून छातीशी धरली आणि एकेक शब्द चाचपडत बोलू लागला.

“माझी तब्येत उत्तम आहे,” तो आधी म्हणाला. मग घाम पुसून म्हणाला, “चुकलं... माझं काही? भिंतीतून तुमचं ऐकतो. तुम्ही म्हणता, तस्संच लिहितो, तस्संच म्हणतो. तुम्ही इथले ना?”