आधी माझा कौल

कळव्याच्या देवळात काळुराम गुरवाने देवीच्या मूर्तीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सातवी झालेल्या शालूला ठाण्याच्या हायस्कुलात घालायचं की नाही, हे आज देवी सांगणार होती. शालूच्या वडिलांनी, त्र्यंबकरावांनी, कौल लावल्याशिवाय घरात साधी गायसुद्धा कधी आणली नव्हती.

"काका, आधी माझं एक विचारा," शालू म्हणाली.

"आता पोरीसोरी कौल लावणार," आवडाआत्या पान चघळत म्हणाली.

"विचारू दे. एकच," वडील म्हणाले.

आठवडाभर घोकलेलं वाक्य शालूने एका दमात म्हणून टाकलं, "आई, या प्रश्नाला तू डावा कौल देणार का?"

काळुरामने ते मोठ्याने देवीच्या कानावर घातलं आणि मग तोच अडखळला. "म्हणजे डावी पडली, तर देवी नाही म्हणाली."

"हो," शालू म्हणाली. "डावा देणार नाही म्हणाली, आणि दिला डावाच."

"मग उजवी पडेल."

"म्हणजे डावा देते म्हणाली, आणि दिला उजवा."

"देवी खोटं बोलत नाही हो," आत्या म्हणाली.

"तेच तर ना, आत्या."

घरी हे सगळं शालूला लख्ख कळलं होतं. इथे मात्र उजवं-डावं तिच्याच डोक्यात गरगरायला लागलं.

एरवी आत्याचं पान संपायच्या आत कौल लागायचा. आज दुसरं पान संपलं. पाकळ्या हलेनात.

"राहू दे तिचं. शाळेचं विचार," आत्या म्हणाली.

"पहिला कौल लागल्याशिवाय दुसरा लावत नाहीत," काळुराम म्हणाला. "रीत आहे."

"मग कधी लागणार?"

"ते देवीला ठाऊक."

"शाळा सोमवारी उघडते," शालू हळूच म्हणाली.

वडील मूर्तीकडे बघत राहिले. मग शालूकडे. मग पुन्हा मूर्तीकडे.

"देवीचा विचार होईपर्यंत जाऊ दे हिला," ते म्हणाले.

बाहेर पडताना शालूने वळून पाहिलं. खरं तर तिने उड्या मारायला हव्या होत्या. पण आपण नक्की काय विचारलं, हेच आता तिला उमजेना. दोन्ही पाकळ्या खांद्यांवर तशाच होत्या. आणि देवी डोळे मोठे करून समोर बघत होती, फळ्यापाशी उभ्या केलेल्या, गणित न सुटणाऱ्या मुलीसारखी.