केवढा मोठा मूस

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या मराठी मंडळाचा मी सेक्रेटरी. या उन्हाळ्यात अकरा वर्षांच्या लेकीला, दियाला घेऊन नॉर्वेच्या उत्तर टोकाला जंगली मूस, म्हणजे घोड्याहून उंच हरणं, बघायला गेलो. गाडी नाही, घाई नाही. एले नावाच्या, तिथल्याच सामी जमातीच्या गाइडमागून चालायचं आणि गप्प बसायचं, एवढंच काम. तिसऱ्या दिवशी तळ्याकाठी मूस आला.

"बाबा, केवढी मोठा आहे!" दिया कुजबुजली.

"केवढा!" मी मोठ्यानं म्हणालो. मूस झाडीत पळाला. बरोबरच्या सहा जणांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

दुपारी चहा उकळताना एले सांगत होती, शाळेत सामी बोललं की तिच्या आजीला छड्या बसायच्या. आजीनं पुढे घरातही ती भाषा सोडली. एले ती चाळिशीत क्लास लावून शिकली. माझे डोळे भरून आले. भाषा कशा मारल्या जातात, यावर मी तिथेच एक छोटं भाषणही ठोकलं.

"तुझी भाषा मला ऐकव ना," एले दियाला म्हणाली.

दिया कपात बघत हळूच म्हणाली, "मला मराठी बोलायला आवडते. पण बाबा माझा चुका काढतो, मग मी नाही बोलत."

"माझ्या चुका," मी लगेच म्हणालो.

"काय म्हणाली ती?" एलेनं मला विचारलं.

तिथे मराठी येणारं दुसरं कोणीच नव्हतं. भाषांतर मलाच करावं लागलं.