साडेसातचा ट्रक

टण्णकन स्क्रू स्टीलच्या वाटीत पडला आणि दुपारचं निवांत घर दचकलं.

समीक्षाने दुसराही काढला. कॅबिनेटचं झाकण सरकवलं तसा आतून काळा भुगा तिच्या मांडीवर सांडला. वणीत कोळशाची धूळ देव्हाऱ्यातही शिरते, तिथे कॉम्प्युटरची काय कथा.

तिची लेक अर्पिता शाळेतून पाचला यायची आणि साडेसातला तिला गेम लागायचा. पाच दिवस झाले, गेम उघडला की रस्ता दिसायचा, अर्धामुर्धा ट्रक दिसायचा, मग पडदा काळाठिक्कर.

ट्रकचाच गेम होता तो. दोघांनी दोन ट्रक घ्यायचे आणि लांबच्या गावाला माल पोचवायचा. अर्पिताचा पिवळा, तिच्या बाबाचा निळा. रवी, तिचा बाबा, आधी इथल्या खाणीवर ट्रक चालवायचा. मागच्या वर्षी परदेशातल्या खाणीत डंपर चालवायला गेला. तिकडून फोन लागत नाही, पण बाबा रोज साडेसातला गेममध्ये येतात, हे आठ वर्षांच्या अर्पिताला पाठ होतं.

पाचही संध्याकाळी ती त्या काळ्या पडद्यासमोर नुसती बसून राहिली. रडली नाही. काल जेवताना मात्र, माझं काही चुकलं म्हणून बाबा रागावले असतील, असं ताटाकडे बघत म्हणाली. समीक्षाचा घास हातातच राहिला. काहीही होवो, उद्या गेम चालू करायचाच, हे तिने तिथेच ठरवून टाकलं.

बसस्टँडमागे तारिकचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सकाळी त्याला फोन केला तर तो म्हणाला, आणून टाका, चार दिवस लागतील. आजच पाहिजे म्हटल्यावर त्याने तोड काढली.

"तोवर फोनवर खेळू द्या ना भाभी. हाच गेम फोनवर बी चालते."

"फोन मले लागते, भाऊ."

"अर्ध्या घंट्याची तं गोष्ट. तेवढ्यात कोनाचा फोन येऊन राह्यला तुम्हाले?"

"मले लागते म्हटलं ना."

तारिक हसला आणि मग सरळ सांगू लागला. विंडोज आपसूक अपडेट झालं असेल, त्यात ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बिघडला असेल. त्या ड्रायव्हरच्या सांगण्यावरच कार्ड पडद्यावर चित्र काढतं. तो नवा टाकून बघा.

तिने सगळ्यात नवा शोधून टाकला. नेटवरून तो उतरायलाच तासभर गेला, आणि शेवटी पडद्यावर उत्तर आलं की या कार्डासाठी तो नाहीच. कार्ड जुनं. रवीने नागपूरहून कोणाचं तरी वापरलेलं आणलं होतं. त्याला त्याच्या वयाचाच ड्रायव्हर हवा होता, आणि कॉम्प्युटर कार्डाचं नावही धड सांगेना. म्हणून आता हे झाकण.

रंगाच्या जुन्या ब्रशने तिने धूळ झाडली. आतल्या चिठ्ठीवरचा नंबर टॉर्च धरून वाचला, फोटो काढून तारिकला पाठवला. त्याने नेमका कुठला ड्रायव्हर घ्यायचा ते कळवलं आणि बजावलं, की आधी उतरवून ठेवा, मग नेटची वायर उपटा, जुना पुरता काढा आणि मगच हा टाका. नाहीतर विंडोज मधेच आपला घुसडतं. खाली त्याने लिहिलं होतं, आता दुकान तुम्हीच चालवा भाभी, मी चहा आणून देत जाईन.

समीक्षाने एकेक गोष्ट तशीच केली. जुना ड्रायव्हर निघाला तेव्हा पडद्यावरची अक्षरं भाकरीएवढी झाली. नवा अर्ध्यावर आला आणि सगळं काळं झालं. ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली. काही दाबलं नाही, वायरला हात लावला नाही. बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून करू, अजून तीन तास आहेत.

पडदा लखकन उजळला. अक्षरं पुन्हा बारीक, कोरीव झाली. तिने नेटची वायर परत खोचली.

साडेसातला अर्पिताला खुर्चीत बसवून ती रोजच्यासारखी स्वयंपाकघरात गेली आणि दार ओढून घेतलं. फोडणीच्या धुराने पोरीला ठसका लागायचा.

"आले," बाहेरून अर्पिताचा आवाज आला. "बाबा आले."

हॉर्न दोनदा वाजला. पिवळ्या ट्रकनेही दोनदा उत्तर दिलं. पाच दिवसांनी घर पुन्हा घरासारखं झालं. दहा मिनिटं बाहेर इंजिनं घरघरत राहिली. मग आवाज एकदम थांबला. खुर्ची सरकली.

समीक्षा उठायच्या आत दार उघडलं.

गॅस पेटलेलाच नव्हता. ती ओट्याला टेकून फरशीवर बसली होती, आणि तिच्या हातातल्या फोनवर निळा ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याचा डावा दिवा लुकलुकत होता.

अर्पिता दचकली नाही. येऊन तिला खेटून बसली.

"साइड देताना बाबा उजवा दिवा देत होते," ती म्हणाली. "त्यायच्या खाणीवरचे सारे ड्रायव्हर उजवाच देतेत. मागच्याले जाय पुढं म्हनून. तू डावा देते. पोळ्यापासून."

रवीचा नंबर बंद झाला तो पोळ्याच्याच आठवड्यात, आणि त्यानंतर तो गेममध्येही आला नव्हता. समीक्षाने फोन पालथा घातला.

"मी कोनालेच नाही सांगितलं," अर्पिता म्हणाली. "मग गेम बंद पडला तं मले वाटलं, मी ओळखलं म्हनूनच पडला." ती आईला आणखी खेटली. "आई, मले समजलं म्हनून आता बाबा येनं बंद करतीन का?"