गोठ्यातला पेला

मिक्सर घरघरू लागला तेव्हा बापूराव दुधाचा पेला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. अपेक्षानं त्यांना पाहिलं, पण बटणावरचं बोट काढलं नाही. काढलं असतं तर हिंमतही तिथंच संपली असती.

भांड्यात पिकलेली केळी होती, रात्री भिजवलेले शेंगदाणे, बिया काढलेला खजूर, चिमूटभर वेलची आणि माठातलं पाणी. दुधाचा थेंब नव्हता. आणि हे कुठे, तर बापूरावांच्या घरात! केळझरपासून सेलूपर्यंत ज्यांच्या गवळाऊ गाईंचं दूध जातं, त्या घरात. देवळात बसून आरतीला नाही म्हणण्यातलाच प्रकार.

या घराची एक रीत होती. बापूरावांच्या हातचं पेलाभर दूध प्यायल्याशिवाय सकाळी कुणी उंबरा ओलांडायचा नाही. मुलगा भूपेंद्र दुधाचे कॅन मोटारसायकलला लटकवून निघायच्या आधी प्यायचा. सासूबाई शोभाबाई प्यायच्या. सहा वर्षांची रक्षा नाक दाबून प्यायची. बापूराव स्वतः सगळ्यांच्या शेवटी, आपला पेला घेऊन गोठ्यात जायचे आणि एकटेच प्यायचे. “गाईच्या साक्षीनं पेतो,” म्हणायचे. त्या वेळी तिकडं कुणी फिरकायचं नाही. गोठ्यात फक्त मनी असायची. ही मांजर इतकी गुबगुबीत, की दूध न्यायला आलेली माणसं तिच्याकडे बोट दाखवून म्हणायची, बापूरावांच्या दुधात पाणी नाही याचा पुरावा तो बघा, गव्हाणीत लोळतोय.

पण रक्षाचं पोट त्या दुधाला जुमानत नव्हतं. पोरगी सशासारखी पळायची. मागच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होती, आणि अर्ध्या मैदानात पोट धरून मटकन खाली बसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दूध बंद करून बघा. बापूराव बाजाराला गेले असताना अपेक्षानं हा शेक देऊन पाहिला होता. पोट गप्प राहिलं होतं. आज वर्ध्याला जिल्ह्याच्या शर्यती होत्या, शाळेची गाडी आता येईल मग येईल अशी झाली होती, आणि आज नेमके मामंजी घरात होते.

“सुनबाई, हे काय करून राह्यली?”

“शेक हाय मामाजी, केळ्याचा. रक्षीच्या नाश्त्याले.”

“अन् त्यात दूध?”

“नाई टाकलं.”

शोभाबाईंची पोळी तव्यावरच करपली. त्यांना तिचं भान राहिलं नाही.

“अख्खं सेलू आपलं दूध पेते,” बापूरावांचा आवाज चढला, “अन् आपल्याच पोरीले थे पचत नाई? लोकायले समजलं त काय म्हनतीन?”

लग्न होऊन आल्यापासून अपेक्षा त्यांच्यासमोर वर मान करून बोलली नव्हती. तिनं शेक पेल्यात ओतला, वर आलेला फेस काठावरून ओघळला.

“म्हनू द्या मामाजी. आज माही पोरगी शेवटलोक धावन.”

तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या रक्षानं कुणाची वाट पाहिली नाही. तिनं पेला उचलला आणि गटागटा रिकामा केला. ओठावर फेसाची मिशी आली.

“आबाजी, यानं पोट नाई दुखत.”

बापूराव काहीतरी करडं बोलणार होते. पण त्यांनी हातातला दुधाचा पेला दाराशी ठेवला. ते नातीसमोर उकिडवे बसले.

“दुधानं कसं दुखते वं तुले? पह्यले फुगते का?”

“हो.”

“मंग गुडगुड करते, अन् मंग अशी कळ येते?” त्यांनी बेंबीखाली मुठीनं पीळ दाखवला.

“हो! अस्संच!” रक्षाचे डोळे मोठे झाले. “तुमाले कसं मालूम आबाजी?”

मिक्सरच्या भांड्यात शेक उरला होता. आबाजींनी तो वाकून हुंगला, एका रिकाम्या पेल्यात ओतला आणि उभ्याउभ्या प्यायले. बापूरावांनी ओठ पुसले, पोटावर हात ठेवला आणि पोट काय म्हणतं ते ऐकत असल्यासारखे थांबले.

“अजून हाय का?”

अपेक्षाला आधी खरंच वाटेना. मग तिनं भराभर केळी सोलली, साल कुठं पडतंय ते बघितलंसुद्धा नाही. मिक्सर पुन्हा गरजला. बाहेर शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला. रक्षा बूट हातात घेऊनच अंगणातून सुटली, आणि बापूराव फेसाळ पेला उंचावून तिच्यामागे ओरडले, “पोरी, मांगं वळून नको पाहजो! धाव!”

गाडी वळणाआड गेली. अपेक्षाला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. बापूराव दुसरा पेला संपवून तिच्याकडे वळले.

“उद्यापासून दोन पेले करत जा. एक पोरीचा, अन् एक माहा.”

“अन् तुमचं गोठ्यातलं दूध जी?” शोभाबाईंना काही उलगडेना. “गाईच्या साक्षीचं?”

बापूरावांनी मान खाली घातली. तेवढ्यात ओट्यापाशी कुणीतरी कळवळून ओरडलं. मनी होती. तिची वेळ टळून गेली होती. गोठा सोडून ती थेट घरात आली होती, आणि दाराशी ठेवलेल्या दुधाच्या भरल्या पेल्याकडे आणि बापूरावांकडे आळीपाळीनं बघत होती.

शोभाबाईंनी आधी मांजरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि कपाळावर हात मारला.

“तरीच म्हटलं, या मांजरीनं आजलोक एकबी उंदीर काऊन नाई धरला!”